न उडालेला फ्यूज

फ्यूज उडला की तुमी मला शिव्या घालता, व्हय? मग ऐका. इंदापूरकडं एका साखर कारखान्यात मी वायरमन हुतो. साहेबांची विजेची इस्त्री आमच्या वर्कशॉपात लावली की फ्यूज उडायचा. साहेबांनी ती बंगल्यावर नेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, "इथे छान तापते. बिघाड तुमच्या वर्कशॉपात आहे."

मी वळखलं, इस्त्रीतली वायर आत लोखंडाला टेकलीय. वर्कशॉपची अर्थिंग चांगली, करंट सरळ जमिनीत जायचा, म्हणून तितं फ्यूज जायचा. बंगल्याच्या अर्थिंगचा पाइप कोरड्या मुरमात ठोकलेला. तितं फ्यूज जाणार न्हाय, करंट इस्त्रीच्या अंगातच ऱ्हाणार.

पळत बंगल्यावर गेलो. इस्त्री तापलेली. मुठीचं लाकूड फुटून आतली लोखंडी कांब उघडी पडलेली. आन् धुणं वाळत घालून आलेल्या बंगल्यावरच्या कामवाल्या सखूबाई ओल्या पायांनी मुठीला हात घालत हुत्या.

"मावशी, थांबा! हात लावू नका!"

साहेब चिडले. "फ्यूज शाबूत आहे ना? मग बाईंना घाबरवतोस कशाला?"

मी टेस्ट लॅम्प काढला, म्हंजी दोन वायरी जोडलेला बल्ब. त्याची एक वायर इस्त्रीला टेकवली, दुसरी पाण्याच्या नळाला. बल्ब लख्ख पेटला.

साहेबांनी सोताच बटण बंद केलं. मग हळू आवाजात विचारलं, "बाईंनी उचलली असती तर?"

म्हणलं, "उचलली असती, साहेब. खाली ठेवता आली नसती."