दातांची डॉक्टर उठली तेव्हा

विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी थांबलेल्या शिक्षिकेच्या कानावर पुढच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं.

"आई, तू दातांची डॉक्टर! उठलीस कशाला?"

"कुणी डॉक्टर आहे का, असं दोनदा विचारलं गं. विमानात एकही जण हलेना!"

"त्या बेशुद्ध पडलेल्या काकांचं बरंवाईट झालं असतं, तर निस्तरायचं कुणी?"

"कुठे उतरायचं ते कॅप्टन बघत होता. मी आणि हवाई सुंदरी आळीपाळीने छाती दाबत होतो. हृदय सुरू करायच्या मशीनचा झटका दिला, आणि नाडी लागली गं हाताला, नाडी!"

"भीती नाही वाटली?"

"तेव्हा सुचलंच नाही. आत्ता मात्र छाती दाबून दाबून दंड भरून आलेत. ती निळी बॅग तूच उचल."

लेकीच्या आधी शिक्षिकेनेच वाकून ती उचलली.