गॅरेटनं आयुष्यात एकही गोल केला नाही

सन्माननीय अध्यक्ष मिस्टर ब्रॅनिगन, मंचावरील क्रीडा समितीचे सभासद, प्रशिक्षक, पालकहो, आणि आमच्या लॅक्रॉस संघातल्या पोरांनो,

आताच अध्यक्षांनी मोठ्या गौरवानं सांगितलं, की माझा मुलगा, सार्जंट गॅरेट लिंडक्विस्ट, या शाळेसाठी धडाधड गोल करायचा. आभारी आहे. पण साहेब, तो गोलरक्षक होता. तोही राखीव. चार वर्षांत सामन्यात नऊ मिनिटं उभा राहिला. बाकी रोज सरावात तुमच्या हिऱ्यांचे चेंडू अंगावर घ्यायचा आणि मांड्या काळ्यानिळ्या करून घरी यायचा. मी ओरडले की म्हणायचा, "आई, समोर कुणी उभंच राहिलं नाही तर ते नेम कसा शिकणार?"

कंदाहारच्या लढाईतून तो शवपेटीतून परत आला, तेव्हा याच समितीनं त्याच्या नावानं पारितोषिक ठेवायचं ठरवलं. मी एकच अट घातली. ते कुणाला द्यायचं यासाठी शेवटच्या सरावाला पोरांनी चिठ्ठ्या टाकायच्या, पोरांनीच मोजायच्या. मोठ्यांनी त्यात नाक खुपसायचं नाही. अकरा वर्षं ते पाळलं गेलं.

यंदा काय झालं? एकोणतीसपैकी चोवीस चिठ्ठ्या राखीव गोलरक्षक ट्रेवर ओसिंस्कीच्या नावाच्या निघाल्या. आणि पारितोषिकाच्या ढालीवर नाव कोरलं गेलं कॉलिन डेव्हरोचं. का, तर त्याचे गोल जास्त, वर्तमानपत्रात फोटो शोभून दिसतो. हे मला समितीनं कळवलं? छे. रविवारी कॉलिनच ती ढाल घेऊन माझ्या दारात आला. म्हणाला, "मिसेस लिंडक्विस्ट, मी स्वतः ट्रेवरला मत दिलंय. हे घेऊन पोरांना तोंड कसं दाखवू?" सतरा वर्षांच्या पोराला जे कळतं, ते तुम्हा पन्नाशीच्या माणसांना कळू नये?

मघाशी मिस्टर ब्रॅनिगन माझ्या कानाशी कुजबुजले, "आजच्या दिवस राहू द्या, समारंभाची शोभा जाईल." शोभा? माझा मुलगा शोभेची वस्तू आहे का? लष्करानं हाती दिलेला घडी घातलेला झेंडा मांडीवर घेऊन मी त्याला पुरलंय. त्याच्या जागी तुमच्या सोयीचा दुसरा गॅरेट मला नको.

ट्रेवर, ऊठ बाळा, वर ये. कोरलेल्या नावावर चिकटपट्टी लावून तुझं नाव लिहिलंय. अक्षर कॉलिनचं आहे.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोरांनी पोटात घालावं. समितीची क्षमा मी मागत नाही. तिनं ती मागावी म्हणून इथेच उभी आहे.