दोन सूत

आकडा सांगितला की मी दहादा विचारतो, इंच का मिलिमीटर, म्हणून तुम्ही हसता. पण त्या दिवशी तुम्ही पलूसला असता तर हसला नसता.

लाकडावर आपोआप नक्षी कोरणारं मशीन मी हौसेनं जोडलं होतं. त्याला सॉफ्टवेअर काही जुळेना. दोन फ्लॉप्या आणल्या, पण मोटार हललीसुद्धा नाही. तिसरी फ्लॉपी सांगलीच्या मित्राची. तिच्यावर तिन्ही मोटारी फिरल्या. म्हटलं, जुळलं.

शेजारचा बाबू सुतार फळी धरून बसला.

"किती खोल कोरायचं?" मी विचारलं.

"दोन सूत घे."

दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर. मी सहा टाकले.

सॉफ्टवेअर निघालं इंचातलं. फिरतं पातं फळीतून आरपार गेलं, टेबलात घुसलं आणि बाबूची बाही गुंडाळत हात ओढायला लागलं. मी दिसेल ते बटण दाबतोय, थांबतंय कुठं? तेवढ्यात लाईट गेली.

मनगट पात्यापासून चार बोटांवर. बाही काही सुटेना.

"गड्या," बाबू हळूच म्हणाला, "लाईट आली तर रं?"

लाईट आली की पातं पुन्हा फिरणार. मी कात्री शोधत घरभर धावलो. सापडली ती हातातून पडली. बाबू डोळे मिटून बसलेला.

दारात आई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली,

"आरं, आदी बोर्डातली पिन तर काढ."