मापासाठी ठेवलेली गोळी

धाकटी : हलू नकोस ना वहिनी! तुझी सावली पडतेय तिच्यावर.

वहिनी : पडू दे. कधीची तू पालथी पडलीयेस आणि मी छत्री धरून उभी आहे. नणंदेच्या अळंब्यांना छत्री धरावी लागेल, असं तुझ्या दादाने लग्नाआधी सांगितलं असतं तर विचार केला असता मी.

धाकटी : झालं, झालं. हा शेवटचा फोटो. आला! अगं बघ तरी, काय गोड आलीय! टोपी बघ, नारिंगी, आणि काठाला ही झालर. चित्रकलेच्या तासाला पोरांना अळंबी काढा म्हटलं की झाडून सगळे लाल टोपी आणि पांढरे ठिपके काढून मोकळे होतात. आता हा फोटो फळ्यावर लावते.

वहिनी : छान आहे. हात नाही ना लावलास?

धाकटी : छे! तोडायचं नाही, चाखायचं नाही, फक्त फोटो काढायचा. नियम मोडला तर आपल्या अळंबी मंडळाचे शिट्टीकाका शिट्टी फुंकून जंगल डोक्यावर घेतील. बाकीची मंडळी कुठवर गेली गं?

वहिनी : ओढ्यापाशी. तुझा दादाही तिकडेच आहे. हे शेजारी काय ठेवलंयस? बटण?

धाकटी : मापासाठी आहे ते. नुसत्या फोटोत कसं कळणार, अळंबी नखाएवढी आहे की ताटाएवढी? शेजारी ओळखीची वस्तू ठेवायची असते. तू कानातलं दिलं नाहीस.

वहिनी : सोन्याचं कानातलं चिखलात ठेवायला देऊ?

धाकटी : म्हणून मग दादाच्या जॅकेटचे खिसे चाचपले. मी कुडकुडत होते, तर सकाळी त्यानेच अंगातलं काढून दिलं ना हे. खिशात गोळी सापडली, ती ठेवली. ॲसिडिटीची असेल, दुसरं काय!

वहिनी : जरा मोठा कर तो फोटो.

धाकटी : थांब, झालर दाखवते.

वहिनी : झालर नको. गोळी दाखव.

धाकटी : गोळीत काय बघायचंय? रोज तुझ्या औषधांच्या दुकानात पोतंभर गोळ्या बघतेस. घे, केली मोठी. अय्या, फोकस गोळीवरच गेलाय की! अळंबी पुसट आलीय थोडी. परत काढावा लागणार. वहिनी? अगं, काय झालं?

वहिनी : गोळी उचल ती. दे माझ्याकडे.

धाकटी : तुझा चेहरा का असा झालाय? विषारी आहे का अळंबी? मी खरंच हात नाही लावला.

वहिनी : ही ॲसिडिटीची नाही.

धाकटी : मग कसली आहे?

वहिनी : कंपवाताची.

धाकटी : कसली?

वहिनी : हात थरथरतात ना माणसांचे, चालताना पाय अडकतात. त्याची.

धाकटी : काहीतरीच! कुणातरी पेशंटची असेल.

वहिनी : दातांच्या डॉक्टरच्या खिशात? कशात होती ही? सुटी होती?

धाकटी : डबीत होती. ही बघ. अजून आहेत आत.

वहिनी : अरे देवा.

धाकटी : डबीचं काय आता?

वहिनी : दाताच्या आकाराची डबी आहे ही. पडलेला दुधाचा दात घरी न्यायला तो पोरांना देतो ती. मीच मागवते त्याच्यासाठी.

धाकटी : वहिनी, खाली बस बघू. त्या ओंडक्यावर बस. पडशील. तुझी चूक होत असेल. सगळ्या गोळ्या सारख्याच दिसतात.

वहिनी : तुला दिसतात. मला नाही. ही मधली रेघ, हा रंग. डोळे मिटून सांगेन मी.

धाकटी : पण दादा तर धडधाकट आहे! सकाळी चढणीवर माझ्या पुढे होता. तूही बघितलंस.

वहिनी : उजवा हात खिशात घालून होता.

धाकटी : त्याची स्टाइल आहे ती.

वहिनी : कधीपासून?

धाकटी : म्हणजे... असेल गेल्या वर्षापासून. बाई गं! वहिनी, त्याचे फोटो! मागच्या खेपेचे सगळे हललेले होते. स्टँड न लावता फोटो काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं मंडळात. आणि आता पानाचा फोटो काढायचा तरी स्टँड लावतो. मी म्हटलं, काय रे म्हातारबुवा, तर हसला.

वहिनी : मला म्हणतो, चहा अर्धा कपच दे. मला वाटलं, पोट कमी करतोय.

धाकटी : तुला घरात दिसलं कसं नाही गं?

वहिनी : दिसलं ना! रोज दिसत होतं! त्याच्या दवाखान्यातली चिठ्ठी घेऊन पेशंट जिना उतरून माझ्याच दुकानात येतो. त्याचं अक्षर किती लहान झालंय, माहितीये? मुंगीच्या पायाएवढं. भिंग घेऊन वाचते मी. आणि परवा भर दुकानात फोन करून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, कागद महाग झालाय का?" सगळे हसले. तोही हसला. अक्षर लहान होणं हे कंपवाताचंच लक्षण आहे. मला पाठ आहे ते, दुसऱ्यांना समजावून सांगते मी. आणि स्वतःच्या नवऱ्याचं अक्षर वाचून चेष्टा केली.

धाकटी : शू! तो येतोय. वहिनी, तो येतोय इकडे. आपण काही बोलूया का नको? डबी लपवू?

वहिनी : दे इकडे ती.

दादा : चिमणे! अजून याच अळंबीपाशी? पलीकडे खोडभर जांभळ्या आल्यात, सगळं मंडळ गुडघ्यावर बसलंय, कवायत चालल्यासारखं. बरं, माझं जॅकेट दे जरा.

धाकटी : जॅकेट? का रे? म्हणजे, हो. थंडी वाजतेय का तुला?

दादा : रुमाल हवाय.

वहिनी : रुमाल गळ्याला बांधलायस तू.

दादा : अरेच्चा! बघ, वय झालं. तरी दे गं जॅकेट.

वहिनी : ही डबी हवीय का?

दादा : ती होय? पेशंटची आहे. सांभाळायला दिली होती एका आजोबांनी.

वहिनी : कुठले आजोबा?

दादा : तू नाही ओळखत.

वहिनी : या भागात ही गोळी घेणारे जेवढे आजोबा आहेत, सगळ्यांना ओळखते मी. त्यांच्या सुनांनाही ओळखते. उजवा हात खिशातून काढ.

दादा : अगं, काय पोलिसासारखं...

वहिनी : काढ.

(तो हात बाहेर काढतो. ओढ्याकडून शिट्टी ऐकू येते आणि थांबते.)

धाकटी : दादा...

दादा : रडू नकोस चिमणे. दुखत नाही. जरा नाचतो एवढंच. गोळीची वेळ टळली की जास्त नाचतो.

वहिनी : किती दिवस चाललंय हे?

दादा : गेल्या हिवाळ्यापासून.

वहिनी : आणि त्या हाताने तू लोकांच्या तोंडात चिमटे घालतोयस? परवा त्या रडव्या पोराची दाढ काढलीस!

धाकटी : माझ्या वर्गातला आहे तो. दादा, असं कसं करू शकतोस तू?

दादा : मी नाही काढली. माझ्या सहायक डॉक्टरीणबाईंनी काढली. मी नुसता उशाशी बसून त्याला वाघाची गोष्ट सांगत होतो. तपासणीच्या दिवसापासून एकाही दाताला हात लावलेला नाही मी. तेवढा बेइमान नाही गं.

वहिनी : म्हणजे तिला माहीत आहे.

दादा : तिला सांगावंच लागलं.

वहिनी : तिला माहीत आहे. आणि मला नाही. एका जिन्याचं अंतर आहे तुझ्या दवाखान्यात आणि माझ्या दुकानात. गोळ्या कुठून आणतोस?

दादा : पुलापलीकडच्या दुकानातून.

वहिनी : त्याच्याकडून? समोरच्या काकूंनी खोकल्याचं औषध त्याच्याकडून आणलं, तर मी महिनाभर बोलले नव्हते त्यांच्याशी! आणि माझा नवरा त्याच्या दारात रांगेत उभा राहतो?

दादा : रांग नसते. धंदा मंदा आहे त्याचा.

वहिनी : हसू नकोस! मला लागलंय. खूप लागलंय. हात थरथरतो म्हणून नाही. सगळं जग तुला सांभाळून घेत होतं, आणि मी एकटी बाहेर उभी होते.

दादा : तुझा एक आवाज आहे, माहितीये तुला? काउंटरवर कुणी खचलेला माणूस आला की त्याच्या हातावर गोळ्या ठेवताना तू काढतेस तो. मऊ, सावकाश. "काळजी करू नका हं, रोज घ्यायची, चुकवायची नाही." वर जिन्यात ऐकू येतो मला. फार चांगला आवाज आहे. पण तू माझ्याशी त्या आवाजात बोलायला लागलीस, तर मी खरंच आजारी झालो असं होईल, एवढीच भीती वाटली. तुझ्याकडून मला ओरडूनच घ्यायचं होतं अजून काही दिवस. कागद महाग झाला का, असं. त्या दिवशी तू चेष्टा केलीस ना, तर किती बरं वाटलं मला.

वहिनी : गाढव आहेस तू.

दादा : हं. हा आवाज चांगला आहे.

धाकटी : मी तो फोटो पुसून टाकते. उगाच ठेवली मी ती गोळी. कानातलं दिलं असतंस तर...

दादा : कुठला फोटो? बघू. ही मापाला ठेवलीस? माझी दुपारची गोळी? आणि वर फोकस गोळीवर! चिमणे, तुला किती वेळा सांगितलं, आधी टोपीच्या काठावर नेम धरायचा.

धाकटी : पुसू का?

वहिनी : नको. राहू दे.

धाकटी : शिट्टीकाका बोलावतायत बहुतेक. मी पुढे होऊन सांगते, तुम्ही येताय म्हणून.

वहिनी : थांब. आधी पाण्याची बाटली दे. हात धुवायचेत मला, आणि त्याला प्यायला पाणी हवं. ही मातीत पडलेली नको, डबीतली दुसरी देते. काय रे, ही डबी उघडतोस कशी तू? झाकण केवढं घट्ट आहे.

दादा : दाताने.

वहिनी : दातांचा डॉक्टर आणि दाताने!

दादा : म्हणून तर कुणाला सांगितलं नाही.

वहिनी : नको, हात पुढे करू नकोस. सांडशील.

दादा : अगं, चार पावलांवर लोक आहेत. मी घेतो माझा मी.

वहिनी : आ कर.

दादा : हे मी म्हणायचं असतं.

वहिनी : म्हणालास आजवर. आता आ कर.