नवाला उमलणारं फूल

बूढापाऱ्याच्या थांब्यावर नव्या रायपूरच्या बससाठी रांग लागली होती. श्रीपादकाकांचे डोळे पुस्तकात होते. कान मात्र मागे उभ्या माणसाकडे आणि त्याचा विसरलेला डबा घेऊन धावत आलेल्या त्याच्या बायकोकडे.

“आज माळ्याले काहून बोलावलं? दारातलं ते झुडूप उपटायले?” बायकोने विचारलं.

“मुंग्याच मुंग्या आहेत त्याच्यावर!”

“पानाच्या देठाशी दोन गोड थेंब असतात. ते चाटतात बिचाऱ्या, झाड नाही खात.”

“अन् फूल? लावल्यापासून एक नाही पाहिलं मी.”

“रोज येतात, पिवळीधम्मक. नवाला उमलतात, दुपारी मिटतात. तुम्ही आठलेच बसमध्ये!”

“अन् रविवारी?”

“रविवारी बारापर्यंत घोरून राहता.”

“थापा नको मारू, मीनल. काका, तुम्हीच सांगा, असं फूल असते काय?”

काकांच्या अंगणात तसलंच झुडूप वर्षानुवर्षं होतं. तरी नवराबायकोच्या भांडणात साक्ष द्यायचं टाळून त्यांनी पुस्तक मिटलं.

“एकदा… पाहूनच घ्या ना.”

बस आली. रांग पुढे सरकली.

“तुम्ही व्हा पुढे, काका.” नवऱ्याने डबा बायकोच्या हातात परत दिला. “चल घरी. पण नवाला नाही उमललं, तर मीच उपटीन!”