स्प्रिंग कुठल्या वजनाला लावायची

नेहा वाळली आहे हे मला, तिच्या बापाला, कळलं नाही; महाडच्या मेकॅनिकला कळलं. राजस्थानातल्या रॅलीसाठी तिची छोटी डर्ट बाईक तयार करायची होती. हेल्मेट घालून, पाठीला पाण्याची पिशवी लावून ती गाडीवर बसली, तरी मागची स्प्रिंग दबेना.

"ताई, पोटात काय हाय का नाय? गेल्या साली चांगली दबत होती."

"आई गेल्यापासून बाबा स्वयंपाक करतात."

तो हसला. मीही हसलो.

"मग स्प्रिंग कुठल्या वजनाला लावू? आताच्या का पहिल्या?"

"पहिल्या," मी घाईनं म्हणालो. "रॅलीपर्यंत भरून येईल."

नेहा गाडीवरून उतरली.

"आताच्याच लावा, दादा. बाबांना अजून वाटतं, गेलेलं परत येतं."