पाचवं कडवं

१९५६ च्या मे महिन्यात चिंचवड स्टेशनात पुण्याची गाडी चाळीस मिनिटं उशिरा होती. माझ्या शेजारच्या बाकावर एक मास्तर आणि चऱ्होलीच्या सोजराबाई बसले होते. सोजराबाईंचे यजमान कवी होते; ते वारले होते. त्यांची एक कविता कुठे कुठे छापली गेली आणि दर वेळी तिच्यात काय बदललं, याची नोंद मास्तर हौसेनं करत होते आणि आता ती कविता नव्यानं छापून घेणार होते.

“मासिकात चार कडवी, पुस्तकातही चारच. पाचवं फक्त तुमच्या या वहीत आहे.”

“ते मी लिवलंय.”

“अक्षर तर त्यांचं आहे.”

“मुंबईवरनं ते कित्ता धाडायचे. त्यावर गिरवून शिकले मी. दुसरं अक्षर मला येतच न्हाई.”

“मी त्यांचं म्हणूनच धरलं होतं. आता वगळावं लागेल.”

“नका काढू, मास्तर.”

“तुमच्या नावानं वेगळं छापू.”

“येगळं नको. सोळा वर्सं ते तिकडं छापखान्यात, मी हितं. दिवाळीला चार दिस यायचे, त्यातले दोन पाव्हण्यांत जायचे. त्या वहीतच काय ते एका जागी हाय आमी.”

“पण त्यांचं म्हणून छापलं तर खोटं होईल.”

“व्हय. खोटं नकाच लिवू.”

मास्तरांनी वहीत चौथ्या कडव्याखाली बोट ठेवलं.

“त्याच पानावर ठेवतो. चौथ्या कडव्याखाली रेघ, आणि रेघेखाली तुमचं कडवं, तुमच्या नावानं.”

“रेघ लई जाड असती का?”

“छापखान्यात सगळ्यात बारीक असेल ती घेऊ.”

“मंग मारा.”